मुलगी लायब्ररीपाशी का उतरते?

आधी पत्र. लिहिणाऱ्या गृहस्थांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील गाळून, थोडक्यात देते आहे.

“ताई, मी मूळचा सांगलीकडचा. तिथे एका सहकारी बँकेत अधिकारी होतो. बायकोच्या भावाने केलेल्या अर्जाचा नंबर लागला आणि नऊ वर्षांपूर्वी आम्ही अमेरिकेत आलो. शिकागोच्या उत्तरेला, एका श्रीमंत उपनगराच्या अगदी कडेला भाड्याने राहतो. दोन खोल्या आहेत. भाडं झेपत नाही, पण शाळा चांगली म्हणून तिथेच टिकून आहोत. मी एका हॉटेलच्या काउंटरवर रात्रपाळी करतो, बायको एका दुकानात आहे. मुलगी सतरा वर्षांची, हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला.

“वर्गातल्या एका मुलाशी तिची मैत्री आहे. मैत्रीपेक्षा जास्त आहे, हे तिनेच आईला सांगितलं. मुलगा वाईट वाटत नाही. त्यांचं घर मी नकाशावर शोधून पाहिलं. आमची अख्खी इमारत त्यांच्या अंगणात मावेल. फेब्रुवारीत एका रात्री कामावर लवकर निघालो होतो. लायब्ररी बंद झाली होती, दिवे मालवलेले. त्या मुलाच्या गाडीतून मुलगी उतरली. तिने हात हलवला आणि आत जायचं असल्यासारखी दारापाशी उभी राहिली. गाडी वळून गेल्यावर घराच्या दिशेने चालायला लागली. पंधरा मिनिटांचा रस्ता, उणे दहा तापमान. मी गाडी थांबवली नाही. का थांबवली नाही, ते मलाच कळत नाही.

“दोन वर्षांपूर्वी मी आणि मुलीने मिळून ‘प्रिटी इन पिंक’ हा सिनेमा पाहिला होता. त्यातली मुलगीही मुलाला घरापर्यंत येऊ देत नाही. तेव्हा आमची पोर म्हणाली होती, बाबा, ही वेडी आहे का? घर दाखवायला कसली लाज?

“मे महिन्यात प्रॉम आहे, म्हणजे हायस्कूल संपताना होणारा नाचाचा समारंभ. माझ्या मनात आहे की तिच्या ५२९ खात्यातून, म्हणजे कॉलेजसाठीच्या बचत खात्यातून, अकराशे डॉलर काढावेत. चांगला ड्रेस घ्यावा, लिमोझिनमधला तिचा वाटा भरावा. त्या लोकांत ती कमी दिसायला नको. बायको म्हणते, आपली पायरी ओळखून राहावं. गावाकडे पैसे मागायची सोय नाही, तिथे सगळ्यांना मी हॉटेलात मॅनेजर आहे असंच माहीत आहे. काय करू? तिला थांबवू, की खर्च करू? त्या सिनेमांत शेवटी सगळं नीट होतं. खऱ्या आयुष्यात होतं का?”

दादा,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पैशांचं आधी सांगते, कारण ते तुम्ही कदाचित याच आठवड्यात करून बसाल.

५२९ खात्याला हात लावू नका. शिक्षण सोडून दुसऱ्या कशासाठी त्यातून पैसे काढले, तर काढलेल्या रकमेत जो नफ्याचा भाग असेल त्यावर आयकर लागतो आणि वर दहा टक्के दंड. तुम्ही बँकेत होतात, हा हिशेब तुम्हाला माझ्याहून चांगला कळतो. पण दंड शून्य असता तरी मी नकोच म्हटलं असतं. त्याचं कारण तुम्ही ज्या सिनेमांचा दाखला दिलात, त्यांतच आहे.

मी १९८७ साली लग्न होऊन इलिनॉयला आले. इंग्रजी पुस्तकी होतं, घरात दिवसभर एकटी. कोपऱ्यावरच्या दुकानातून व्हिडिओ कॅसेट आणायची आणि हायस्कूलचे सिनेमे बघायची, कारण त्यांतली मुलं बोलायची ती भाषा मला शिकायची होती. भाषेआधी देश कळला. ‘प्रिटी इन पिंक’ १९८६ चा, हॉवर्ड डॉइचने दिग्दर्शित केलेला, जॉन ह्यूजने लिहिलेला. हा ह्यूज तुमच्या भागातला. बारा-तेरा वर्षांचा असताना त्याचं कुटुंब शिकागोच्या उत्तरेच्या नॉर्थब्रुक या उपनगरात आलं, तिथल्याच हायस्कूलमध्ये तो शिकला. त्याच्या सिनेमांतलं शर्मर हे गाव काल्पनिक, पण नॉर्थब्रुकचं जुनं नावच शर्मरव्हिल होतं. म्हणजे तुम्ही रोज ज्या रस्त्यांनी कामावर जाता, त्या टापूतल्याच या गोष्टी.

तिथे शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ताकरातून निघतो. घरं महाग तिथे शाळा चांगली. मग तुमच्यासारखी माणसं त्या हद्दीच्या आतल्या बाजूला कशीबशी एक अपार्टमेंट धरतात, आणि दोन वेगळ्या जगांतली पोरं एकाच लॉकरच्या रांगेत उभी राहतात. ह्यूजच्या गोष्टी नेमक्या या रांगेत सुरू होतात. ‘प्रिटी इन पिंक’मध्ये गरीब मुलं श्रीमंतांना ‘रिची’ म्हणतात. काळही लक्षात घ्या. १९८२ च्या अखेरीस अमेरिकेतली बेकारी जवळपास ११ टक्क्यांवर गेली होती, आणि त्याच दशकात सर्वांत वरच्या उत्पन्नावरचा कर ७० टक्क्यांवरून २८ वर आला. मॉल भरलेले, आणि कारखाने बंद पडलेले. ‘प्रिटी इन पिंक’ची नायिका अँडी, तिचा बाप हा त्या काळातला बाप आहे.

त्या बापाकडे आपण नीट बघू या. तुम्ही पत्रात मुलीचं लिहिलंत, मुलाचं लिहिलंत, त्याचं काहीच लिहिलं नाहीत. हॅरी डीन स्टँटनने केलेला जॅक. बायको सोडून गेलेली, तो दिवस ढकलतोय, आणि पोर त्याला सकाळी उठवते, कामाला जा म्हणून मागे लागते. एके दिवशी तो तिच्यासाठी गुलाबी ड्रेस घेऊन येतो. किती आनंदाने आणतो! आणि ती विचारते, पैसे कुठून आले? तिला कळून चुकलेलं असतं की पूर्णवेळ काम लागलंय असं तो इतके दिवस खोटंच सांगत होता. मग बाप रडतो, पोर रडते. प्रेमाच्या गोष्टीत मला तरी एवढं खरं भांडण दुसरं आठवत नाही.

पुढच्याच वर्षी, १९८७ साली, डॉइच आणि ह्यूज या दोघांचाच ‘सम काइंड ऑफ वंडरफुल’ आला. त्यात उलट आहे, मुलगा गरीब. कीथ गाड्यांच्या दुकानात राबतो, अमँडाच्या मागे वेडा आहे, आणि तिच्यासोबतच्या एका संध्याकाळीसाठी कॉलेजचे साठवलेले पैसे काढून हिऱ्याचे कानातले घेतो. त्याच्या बापाला हे कळतं तो प्रसंग तुम्ही अवश्य बघा. घराण्यातला पहिला मुलगा कॉलेजला जाणार म्हणून त्या माणसाने आयुष्य घातलेलं असतं. तुम्ही त्याच्या जागी आहात, आणि पैसे काढायला मात्र स्वतःच निघाला आहात. शेवटी अमँडा ते कानातले परत करते.

त्याच वर्षीच्या ‘कान्ट बाय मी लव्ह’मध्ये लोकांची हिरवळ कापून हजार डॉलर साठवलेला एक मुलगा शाळेतल्या सर्वांत लोकप्रिय मुलीला महिनाभर मैत्रीण असल्याचं नाटक करायला पैसे देतो. आणि ‘से एनिथिंग’, १९८९ चा. तिथे बाप श्रीमंत, लेक हुशार, मुलगा साधा, बहिणीकडे राहणारा. लेकीला काही कमी पडू नये म्हणून त्या बापाने आपल्या वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांचे पैसे हडपलेले असतात. तो तुरुंगात जातो. मुलीचा विश्वास उडतो तो प्रियकरावरचा नाही, बापावरचा.

एवढे सिनेमे एकापाठोपाठ बघितले की दिसायला लागतं, की पोरांना शेजारी बसवायला कुणी पैसे मध्ये आणले, की ते पैसेच नंतर बोलायला लागतात. अकराशे डॉलर खर्चून ती प्रॉमला गेली, तर रात्रभर तिच्या डोक्यात हाच विचार असेल की बाबांनी हे आणलं कुठून. सतरा वर्षांच्या मुलीला घरातला हिशेब कळत नाही, असं समजू नका. ती विचारेल. आणि तुम्ही काय सांगाल?

आता लायब्ररीचं.

मी पंधरा वर्षं एका सरकारी हायस्कूलच्या कॅन्टीनमध्ये गल्ल्यावर बसले. मोफत जेवणाचा हक्क असलेली मुलं मला माहीत असायची, कारण नावं माझ्यासमोर यायची. त्यांतली कितीतरी रांगेत यायचीच नाहीत. एक मुलगी होती, लांब बाह्यांचा राखाडी स्वेटर घालायची. जेवणाच्या सुट्टीत ती पाण्याच्या नळापाशी उभी राहायची आणि मैत्रिणी जेवून आल्या की त्यांच्यात मिसळायची. विचारलं तर म्हणायची, मी उशिरा नाश्ता केलाय. एकदा मी ट्रे भरून तिच्यासमोर नेऊन ठेवला. मला वाटलं, केवढं चांगलं काम केलं. ती त्या दिवसापासून माझ्याकडे बघेनाशी झाली. भूक ती कशीबशी सोसत होती, पण चारचौघांत तिच्यापुढे आलेला तो ट्रे तिला सोसला नाही. हे कळायला मला फार वेळ लागला, आणि ती तोवर शाळा सोडून गेली होती. तुम्ही त्या रात्री गाडी थांबवली नाहीत याबद्दल स्वतःला दोष देताय. मला वाटतं, तुमचा हात बरोबर आवरला. त्या क्षणी तुम्ही तिच्याजवळ गाडी उभी केली असती, तर तिला आयुष्यभर ती जागा आठवली असती.

‘द ब्रेकफास्ट क्लब’मध्ये जेवणाचा एक प्रसंग आहे. शनिवारी शिक्षा म्हणून शाळेत अडकलेली पाच मुलं आपापले डबे उघडतात. श्रीमंत क्लेअर सुशी काढते, १९८५ साली! ब्रायनच्या डब्यात कडा कापलेलं सँडविच, आईने निगुतीने भरलेलं. बेंडरकडे डबाच नाही. तो सगळ्यांची टर उडवत फिरतो, म्हणजे त्याच्या रिकाम्या हाताकडे कुणी बघू नये. कोण कुठल्या घरातून आलंय, हे एकही शब्द न बोलता त्या टेबलावर मांडलेलं आहे. १९८१ साली सरकारने शाळेतल्या जेवणाचा खर्च कापला होता आणि केचपसारख्या गोष्टी भाजीत मोजता येतील असे नियम सुचवले होते. ओरड झाली म्हणून ते मागे घेतले. तो डबा बघताना मला ते नेहमी आठवतं.

तर तुमच्या लेकीची लाज ही तुमची लाज आहे, असं धरून चालू नका. अँडीच्या बाबतीत बघा. ती स्वतःचे कपडे स्वतः शिवते, रेकॉर्डच्या दुकानात काम करते, बापाला सांभाळते, वर्गात ताठ मानेने वावरते. ती दुबळी नाहीच. सुरुवातीला ती श्रीमंतांच्या वस्तीत गाडी थांबवून एका मोठ्या घराकडे बघत बसते आणि म्हणते की तिथे राहणाऱ्यांना हे घर आपल्याला दिसतं तेवढं सुंदर दिसतही नसेल. तिला घर आवडतं, हाव नाही. पण ब्लेन, तिला आवडणारा श्रीमंत मुलगा, घरी सोडतो म्हणाला की तीच मुलगी कोलमडते. घर हे तिच्या हातात नसलेलं उत्तर आहे. कपड्यांचं उत्तर ती शिवून देऊ शकते, घराचं नाही.

तुमची मुलगीही तेच करते आहे. आणि तिच्या पाठीवर अँडीपेक्षा एक ओझं जास्त आहे. त्या सिनेमांत आपल्यासारख्या चेहऱ्याचं कुणी नाहीच. जिथे आशियाई मुलगा आला, १९८४ च्या ‘सिक्स्टीन कँडल्स’मध्ये, तिथे तो पडद्यावर आला की घंटा वाजते आणि लोकांनी हसायचं. मी तेव्हा एकटीच बसून तो बघितला आणि कॅसेट अर्ध्यात बंद केली. तुमच्या पोरीला त्या वर्गात अमेरिकन व्हायचं, हुशार व्हायचं, शिवाय गरीब दिसायचं नाही, एवढं सगळं एकाच वेळी सांभाळायचं आहे.

आता एक गोष्ट बोलते. राग आला तर येऊ द्या, पण पत्र खाली ठेवू नका.

तुम्ही एक ओळ सहज लिहून गेलात. गावाकडे सगळ्यांना मी मॅनेजर आहे असंच माहीत आहे. दादा, नऊ वर्षं दर रविवारी सांगलीला फोन लागत असेल. ती शेजारी बसलेली असेल. आठ वर्षांची असल्यापासून तिने ते ऐकलंय. व्हिडिओ कॉलच्या वेळी फोन कुठल्या भिंतीकडे वळवायचा, हे तिला माहीत असेल. तुम्ही हे तिच्यासाठीच केलंत, म्हाताऱ्या आईवडिलांना काळजी नको म्हणून केलंत, हेही मी जाणते. माझ्या नवऱ्याने पहिली दोन वर्षं गोदामात खोकी उचलली आणि घरी ‘कंपनीत आहे’ एवढंच कळवलं. आम्ही सगळ्यांनीच ते केलंय. पण लायब्ररीपाशी उतरायला ती या देशातल्या श्रीमंत पोरांकडून शिकली, असं मला वाटत नाही. आपण खरे जिथे राहतो त्याच्या जरा अलीकडेच उतरायचं, हे ती घरात शिकली.

म्हणून पहिलं काम तिच्याशी बोलायचं नाही, सांगलीला बोलायचं आहे. येत्या रविवारी, ती घरात असताना. मोठं भाषण नको. “मी काउंटरवर असतो, रात्री अकरा ते सात, लोकांना खोल्यांच्या किल्ल्या देतो, पहाटे परत हिशेब जुळवतो.” एवढंच. तिकडून दोन मिनिटं शांतता होईल. कदाचित कुणी म्हणेल, बँकेची नोकरी सोडून हे करायला गेलास? म्हणू द्या. ती ऐकत असेल. अँडीच्या बापाला जे रडून, पकडला गेल्यावर सांगावं लागलं, ते तुम्ही आपण होऊन सांगितलेलं तिला दिसेल.

मग तिच्याशी. गाडीत बोला, समोरासमोर बसवून नको. गाडीत दोघांची नजर रस्त्यावर असते, पोरं मोकळी होतात. तिला सांगा की त्या रात्री मी तुला पाहिलं. लपवू नका, नाहीतर तुमच्या दोघांत आणखी एक लायब्ररी उभी राहील. “आमची लाज वाटते का?” हा प्रश्न विचारू नका, कारण त्याचं खरं उत्तर देणंही तिला जमणार नाही आणि खोटं देणंही. फक्त म्हणा, थंडीत चालत येऊ नकोस. दारापर्यंत सोडायला सांगायचं नसेल तर मला फोन कर, मी कामावर जाण्याआधी लायब्ररीपाशी येतो. तिला तिच्या वेळेने दारापर्यंत येऊ द्या. त्या राखाडी स्वेटरवालीशी मी असं बोलायला हवं होतं.

वहिनींचं म्हणणं मी टाकून देत नाही. “पायरी ओळखावी” असं त्या म्हणतात तेव्हा त्यांना लेकीचा अपमान दिसत असतो, आणि ती भीती खरी आहे. सिनेमात ब्लेन अँडीला मित्राच्या घरच्या पार्टीला नेतो. तिथल्या मुली तिला जे बोलतात ते कुठल्याही आईला ऐकवणार नाही. पण आपल्याकडे तोलामोलाचं घर बघायचं ते लग्न जमवताना. इथे सतरा वर्षांची दोन मुलं आहेत, ऑगस्टमध्ये बहुतेक दोन वेगळ्या गावांना कॉलेजला जातील. बंदी घातलीत तर ती भेटायची थांबणार नाही, सांगायची थांबेल. आज तिने आईला आपण होऊन सांगितलंय. हे फार मोठं धन आहे, ते घालवू नका.

मुलगा कसा आहे हे त्याच्या अंगणावरून कळणार नाही, आणि तुमच्याशी तो किती अदबीने बोलतो यावरूनही नाही. श्रीमंत घरातल्या पोरांना अदब शिकवलेली असते. सोमवार बघायचा. ‘ब्रेकफास्ट क्लब’मध्ये शनिवारची दुपार सरत आल्यावर ब्रायन विचारतो, सोमवारी आपण मित्र असू का? आणि क्लेअर खरं बोलते, नसू. सगळे तिच्यावर तुटून पडतात. मला मात्र ती त्या घोळक्यात सर्वांत प्रामाणिक वाटते. सिनेमा शनिवारीच संपतो. तिथे सोमवार दाखवायची कुणाची छाती झाली नाही.

‘प्रिटी इन पिंक’ने तो सोमवार दाखवला. ब्लेन फोन उचलेनासा होतो, शाळेत तोंड चुकवतो, आणि अँडी त्याला लॉकरपाशी गाठून विचारते, प्रॉमचं काय? तो म्हणतो, मी आधीच दुसऱ्या कुणाला विचारलं होतं, विसरलो होतो. तो दुष्ट नाही, भित्रा आहे. दुष्टाला मुलगी ओळखते. भित्र्याला ओळखायला वेळ लागतो, कारण एकटा असताना तो खरोखरच गोड असतो. म्हणून लेकीला एवढंच विचारा: त्याचे मित्र सोबत असतात तेव्हा तो तुझ्याशी कसा बोलतो? तिला थांबायला सांगू नका, उत्तरही मागू नका. प्रश्न तिच्याजवळ राहू द्या. गाडीतून हात हलवणाऱ्या त्या मुलाला तिने अजून ही संधीच दिलेली नाही, हेही लक्षात ठेवा. कोण जाणे, तो तुमच्या दोन खोल्यांत येऊन मांडी घालून पोहे खाईल.

तुम्ही विचारलंत, सिनेमात शेवटी नीट होतं ते खऱ्या आयुष्यात होतं का. त्या शेवटाची गोष्ट तुम्हाला सांगते. आधी चित्रित केलेला शेवट वेगळा होता. अँडी ब्लेनबरोबर जात नाही, लहानपणापासूनचा मित्र डकी, तिच्यासारखाच गरीब, त्याच्याबरोबर नाचते. प्रेक्षकांना आधी दाखवून पाहिला तेव्हा त्यांना तो पटला नाही, त्यांना ब्लेनच हवा होता. मग नवा शेवट चित्रित केला. तोवर ब्लेनचं काम करणाऱ्या अँड्र्यू मॅकार्थीने एका नाटकासाठी डोकं भादरलं होतं, त्यामुळे त्या प्रसंगात त्याने टोप घातलेला आहे. पुन्हा बघाल तेव्हा त्याच्या केसांकडे बघा, कळतं. ह्यूजला हा बदल जिव्हारी लागला होता, आणि ‘सम काइंड ऑफ वंडरफुल’मध्ये त्याने तीच गोष्ट मुलगा-मुलगी उलटून पुन्हा लिहिली आणि तिथे जुन्या मैत्रिणीलाच जिंकवलं.

मला दोन्ही शेवट पटत नाहीत. एकात श्रीमंत मुलगा दोन वाक्यांत माफी मागतो आणि सगळं धुऊन जातं. दुसऱ्यात गरिबाने गरिबातच राहावं, म्हणजे वहिनी म्हणतात ती पायरीच. मला पटतात ती त्याच्या आधीची दहा मिनिटं. अँडीने बापाने आणलेला ड्रेस आणि मैत्रिणीचा जुना ड्रेस कापून, जोडून स्वतःचा एक नवा शिवलेला असतो. कितीजणांना तो ड्रेस कुरूप वाटतो! मला नाही वाटत. बापाने चुकीच्या पैशांनी आणलेली वस्तू तिने फेकली नाही, तशीच घातलीही नाही. आणि ती एकटी जाते. आपण मोडलो नाही हे त्यांना दिसावं म्हणून जाते. दाराशी तिचे पाय थबकतात, तेवढ्यात डकी दिसतो, आणि ती आत जाते. बाकी काय झालं ते मला दर वेळी कमी महत्त्वाचं वाटतं.

प्रॉमचा ड्रेस. शाळेतल्या समुपदेशकांना वहिनींनी जाऊन भेटावं. प्रॉमचे कपडे मुलींना फुकट देणाऱ्या संस्था शिकागोत आहेत, तिकिटातही बऱ्याच शाळा गुपचूप सवलत देतात, पण मुलीला विचारल्याशिवाय काही ठरवू नका. माझा ट्रे आठवा. वहिनींकडे लग्नातला शालू असेलच. आजकाल आपल्या मुली शालूचा, पैठणीचा गाऊन शिवून घेतात आणि सुरेख दिसतात. तिला आवडलं तर. नाही आवडलं तर सेकंडहँड दुकानं हिंडा, तुम्ही स्वतः जा तिच्याबरोबर, एखादा सुट्टीचा दिवस काढून. दीडशे डॉलरच्या आत घ्या, आणि ते तुमच्या पगारातले असू द्या. पावती तिच्यासमोर टेबलावर ठेवा. लिमोझिन नको. तिला कसं जायचं ते ती ठरवेल. तुमच्या गाडीतून जायचं म्हणाली, तर आदल्या दिवशी गाडी आतून पुसून ठेवा आणि हॉटेलचा गणवेश घालूनच चालवा, कारण तिला सोडून तुम्हाला तसंच कामावर जायचं असेल.

ती कुठे उतरवा म्हणेल, तिथे उतरवा.

रविवारचा फोन झाला की मला दोन ओळी लिहा. मी वाट बघते.

तुमची,
ताई